स्पोर्ट्स कारच्या लाइनी बंद पडताहेत, भाच्याला या वाटेने जाऊ द्यावं का?

डाय_सेटर_धुळे

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांब होईल, पण मनापासून विचारतोय.

माझं गॅरेज धुळ्याच्या बाहेर, मुंबई-आग्रा हायवेला लागून आहे. त्याआधी अकरा वर्षं मी चाकणकडे एका व्हेंडर कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होतो, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा (डाय) प्रेसमध्ये बसवणारा. गाड्यांच्या दारांचे आणि बॉनेटचे आतले पत्रे आम्ही दाबायचो. ज्या मोठ्या कंपनीला माल जायचा तिने एक मॉडेल बंद केलं आणि आमची ऑर्डर आटली. आधी तिसरी शिफ्ट गेली, मग दुसरी. एका सोमवारी गेटवर कागद चिकटवलेला दिसला. हिशेबाचे पैसे हातात पडायला सव्वा वर्ष लागलं. पैशाचं दुःख विसरलो. पण ज्या डायला मी रोज तेलाचा हात फिरवायचो, तिच्यावर भंगारवाल्याचा गॅस कटर चालताना पाहिला, ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

आता मूळ गोष्ट. माझी बहीण शिरपूरला असते. तिचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. 2025 च्या श्रावणात तो माझ्याकडे आला होता, तेव्हा इंदूरहून मुंबईला निघालेली एक पोर्शे बॉक्स्टर गॅरेजला आली. नरडाण्याच्या अलीकडे डायव्हर्जनला खालचं कव्हर घासून लोंबत होतं. काम अर्ध्या तासाचं, क्लिपा बदलून वर बसवायचं, बस. पण पोरगं त्या गाडीभोवती फिरत राहिलं. मी त्याला खिशातलं चुंबक दिलं आणि म्हटलं, दाराला लाव. चिकटेना. ॲल्युमिनियम. मग दार आणि मागचा पत्रा यांच्यातल्या फटीवरून बोट फिरवायला लावलं. वरपासून खालपर्यंत फट एकसारखी. ही फट सांभाळण्यात माझी अकरा वर्षं गेली, म्हणून ती बनवणाऱ्यांचे हात मला ओळखीचे वाटले. गाडी गेली आणि भाचा म्हणाला, ‘मामा, मले तठेच काम करानं शे, जठे अशी गाडी बनस.’

मी वाचायला बसलो आणि जीव खालीवर झाला. त्याच बॉक्स्टरचं आणि तिच्या जोडीच्या केमनचं उत्पादन ऑक्टोबर 2025 मध्ये थांबलं. युरोपात तर 2024 मध्येच सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे त्यांची विक्री बंद झाली होती, कारण आतली इलेक्ट्रॉनिक्स जुन्या पिढीची होती. निसान जीटी-आर ऑगस्ट 2025 मध्ये संपली. अठरा वर्षांत सुमारे 48,000 गाड्या. ऑडी टीटी आणि शेव्हरोले कमारो 2023 मध्ये गेल्या, ऑडी आर8 आणि जग्वार एफ-टाइप 2024 मध्ये. जग्वार तर आपल्या टाटांच्या घरची.

म्हणून विचारतो. लोक घेत नाहीत म्हणून या गाड्या जातात, की कारखाने जातात म्हणून? आणि पोराला काय सांगू? जे मी भोगलं ते त्याच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मनात आहे.

टूलरूम_जळगाव

भाऊ, मी जळगाव एमआयडीसीत 28 वर्षं मोल्ड आणि डाय बनवतोय. चटईच्या मशीनचे भाग केले, पाइपाच्या डाय केल्या. तुमचा गॅस कटरचा प्रसंग वाचून हातातला चहा खाली ठेवला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की बहुतेक स्पोर्ट्स कार साध्या गाडीच्या घरात बिऱ्हाडकरू म्हणून राहते. इंग्लंडमधलं स्विंडन घ्या. होंडाच्या सिव्हिकची वेगवान स्पोर्ट्स आवृत्ती, टाइप आर, तिथे साध्या सिव्हिकच्याच कारखान्यात बनायची. टाइप आरला गिऱ्हाईक होतं. पण साध्या गाड्यांचं जगभरचं गणित बदललं आणि 30 जुलै 2021 ला कारखाना बंद झाला. सुमारे 3,000 लोकांचं काम गेलं. पुढची टाइप आर जपानमध्ये योरीला बनू लागली. गाडी जगली, पण स्विंडनच्या माणसांना त्याचा काय उपयोग?

असं का होतं ते तुम्हाला डाय सेटर म्हणून लगेच कळेल. दाराच्या एका पत्र्याला चार-पाच डाय लागतात: ड्रॉ (आकार देणारी), ट्रिम (कडा कापणारी), पिअर्स (भोकं पाडणारी), फ्लँज (कडा वळवणारी). त्यांचा खर्च लाखो पत्र्यांवर वाटला तर पत्रा स्वस्त पडतो. वर्षाला दोन हजार गाड्या काढायच्या असतील, तर तोच खर्च गाडीच्या अंगावर डोंगरासारखा बसतो. म्हणून थोड्या गाड्या काढणारे मुळात रीतच वेगळी धरतात. कोणी झिंकच्या मिश्रधातूची मऊ डाय करतात. ती लवकर झिजते, पण स्वस्तात होते. कोणी पत्राच टाळतात.

लोटस एलिस हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. 1996 ते 2021 ती इंग्लंडमध्ये हेथेलला बनली. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या एक्स्ट्रूजनचा, म्हणजे आपल्याकडे पाइप जसा डायमधून ढकलून काढतात तशाच पट्ट्या, आणि त्या एकमेकींना चिकटवलेल्या. हो, गोंदाने. वरचं अंग फायबरचं. मोठ्या प्रेसची गरजच नाही. टेस्लाची पहिली रोडस्टरसुद्धा एलिसच्याच आधाराने उभी राहिली आणि तिची बरीचशी जोडणी हेथेललाच व्हायची. इंग्लंडचेच मॉर्गन गाड्यांवाले तर माल्व्हर्नला अजून बॉडीच्या चौकटीला ॲश झाडाचं लाकूड लावतात आणि वर्षाला काही शेच गाड्या काढतात.

तेव्हा पुढे या गाड्या बनतील, पण थोड्या बनतील आणि फार महाग असतील. महिंद्रांच्या ताब्यातल्या इटालियन पिनिनफरिनाची बॅटिस्टा ही गाडी पाहा. पूर्ण विजेवरची, हाताने जोडलेली आणि फक्त 150 काढायच्या ठरवलेल्या. आपल्या मुलांना अशा ठिकाणी थेट जागा मिळणं कठीण, हे मी गोड करून सांगणार नाही. पण डाय, मोल्ड आणि फिक्स्चर (काम करताना भाग पक्का धरणारी चौकट) बनवणारा माणूस एका गाडीला बांधलेला नसतो. माझ्याकडे आज पाइप आहे, उद्या स्कूटरच्या बॅटरीचं खोकं येईल.

अमळनेरकर_७१

माझे वडील कापडाच्या मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते. मिल बंद झाल्यावर ते सहा महिने पहाटे भोंग्याच्या वेळी उठून बसायचे, भोंगा नसतानाही. पोराला त्याच्या आवडीचं शिकू द्या, पण एकाच गेटावर सगळं आयुष्य टांगू देऊ नका.

चोपड्याचा_पाहुणा

मी मूळचा चोपड्याचा, आता नऊ वर्षं जर्मनीत आहे. ओस्नाब्रुक माझ्या घरापासून तासाभरावर. तिथल्या कारमान कंपनीने 1901 पासून गाड्यांची अंगं बनवली. कन्व्हर्टिबलची, म्हणजे टप उघडणाऱ्या गाड्यांची, छपरं ही तर तिची खासियत. 2009 मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि फोक्सवॅगनने कारखाना घेतला. दादा, तुम्ही दुरुस्त केलीत त्या जातीच्या बॉक्स्टर काही वर्षं इथेही बनल्या, कारण पोर्शेच्या मूळ कारखान्यात जागा पुरत नव्हती. आता तिथे फोक्सवॅगनची उघड्या टपाची टी-रॉक बनते आणि तिचं कामही 2027 पर्यंतच आहे. पुढे काय, यावर गावात रोज चर्चा असते. ड्रेस्डेनला फोक्सवॅगनचा काचेच्या भिंतींचा कारखाना आहे, तिथे तर 2025 संपता संपता गाड्या बनणं थांबलं.

म्हणजे युरोपात आलं की सुटलो, असं भाच्याला वाटत असेल तर तसं नाही. माझ्या शेजारी राहणारे काका तीस वर्षं छपरं बसवतात. ते म्हणाले, छपराचं कापड ताणताना किती जोर लावायचा ते कागदावर लिहिता येत नाही, आणि माझ्यामागे ते शिकायला कोणी बसलेलं नाही. जीटी-आरचं इंजिन आठवा. योकोहामाला एकेक इंजिन एकेका कारागिराने हाताने जोडलेलं असायचं आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनवर लागायची. असे कारागीर अठरा वर्षांत मिळून नऊच होते. अशी माणसं घडायला वेळ लागतो, आणि कारखाना मोडला की ती पांगतात. मला तर गाड्यांपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते.

मुलाला यायचंच असेल तर आधी जर्मन भाषा पक्की करायला सांगा, आणि हातात काहीतरी करून दाखवण्यासारखं असू द्या.

भुसावळच्या_मॅडम

मी तंत्रनिकेतनात शिकवते, म्हणून कामाचं तेवढं सांगते. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तसं केलं तर बाहा एसएई इंडिया आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धांत मुलं स्वतः गाडी बांधतात. सांगाडा वाकवणं, वेल्डिंग, सस्पेन्शन, सगळं स्वतःच्या हातांनी. बाहाचा मोठा कार्यक्रम अनेक वर्षं पिथमपूरला होत आलाय. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक 2021 मध्ये खुला झाला. शिरपूरहून त्याच आग्रा हायवेने सेंधवा ओलांडून पुढे जायचं, काही तासांची वाट. एकदा नेऊन आणा त्याला.

डिग्री नको असेल तर छत्रपती संभाजीनगरला आणि इंदूरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे डिप्लोमानंतरचे टूल-डायचे कोर्स असतात. आमची काही मुलं गेली, तिथून निघाल्यावर रिकामी बसलेली मला तरी कोणी आठवत नाहीत.

डाय_सेटर_धुळे

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मन भरून आलं. काल रात्री बहिणीला आणि भाच्याला सगळं वाचून दाखवलं. मिलच्या भोंग्याजवळ बहीण थांबली, कारण आमचे आजोबाही मिलमध्येच होते. भाच्याला मात्र ते एलिसचं गोंदाचं प्रकरण झोपू देत नाहीये. गोंदाने चिकटवलेली गाडी दीडशेच्या स्पीडला कशी टिकते, हेच विचारतोय. मलाही नीट सांगता आलं नाही.

ठरलं ते असं. टूल-डायच्या कोर्सची चौकशी तो स्वतः करणार आहे, आणि पिथमपूरला मी त्याला घेऊन जाईन, गॅरेज दोन दिवस बंद ठेवून. जर्मन भाषेचं म्हणाल तर तो आजच मोबाइलवर शब्द पाठ करत बसलाय.

जळगावच्या भाऊंना एक विनंती. येत्या रविवारी त्याला तुमच्या टूलरूममध्ये आणू का? पाइपाची डाय त्याने अजून जवळून पाहिलेली नाही. माझ्याकडे त्या बंद पडलेल्या शॉपमधून मागून आणलेला एक गाइड पिन (डायचे दोन भाग सरळ रेषेत ठेवणारी दांडी) आहे, डायचा तेवढाच तुकडा वाचला. तोही आणतो. त्यावरची घासण पाहून तो किती लाख स्ट्रोक (प्रेसचे फटके) चालला असेल, ते तुम्ही पोराला सांगा.

टूलरूम_जळगाव

अवश्य या. रविवारी मशीन बंद असतात, म्हणजे डाय उघडून दाखवता येईल. गोंदाचंही दोन पट्ट्या चिकटवून, ओढून दाखवतो. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्या घरी. बहिणीलाही आणा.