हेराची खरी अडचण: स्टाशिन्स्कीचे उदाहरण
निर्वासितांमध्ये वावरणाऱ्या हेराची मुख्य अडचण परकी भाषा आणि बनावट ओळख ही असते, असे म्हटले जाते. बोहदान स्टाशिन्स्कीचे उदाहरण पाहता मला ते अपुरे वाटते. ल्विवजवळच्या खेड्यातला हा युक्रेनी तरुण १९५० साली विनातिकीट प्रवासात पकडला गेला आणि कुटुंबाच्या राष्ट्रवादी चळवळीशी असलेल्या संबंधांचा धाक दाखवून सोव्हिएत यंत्रणेने त्याला जाळ्यात ओढले. ‘योझेफ लेमान’ हे जर्मन सोंग त्याने उत्तम वठवले. पण ज्यांच्या मागावर त्याला म्युनिकला धाडले, ते युक्रेनी राष्ट्रवादी निर्वासित त्याच्याच मातीतले, त्याचीच भाषा बोलणारे होते, आणि माझ्या मते तो आतून खचला तो इथेच. १९५७ मध्ये त्याने विषारी फवारा सोडणाऱ्या पिस्तुलाने तिथले निर्वासित युक्रेनी राष्ट्रवादी नेते लेव्ह रेबेट यांना मारले. मात्र मे १९५९ मध्ये दुसरे नेते स्टेपान बांदेरा गॅरेजमध्ये समोर दिसत असतानाही त्याचा हात उचलला गेला नाही आणि शस्त्र ओढ्यात टाकून तो परतला. ऑक्टोबरमध्ये मात्र त्याने बांदेरांनाही मारले. अखेर बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्ट १९६१ रोजी, तो जर्मन पत्नीसह पश्चिम बर्लिनमध्ये पोहोचला आणि त्याने सर्व कबूल केले. पश्चिम जर्मनीच्या न्यायालयाने आदेश देणाऱ्यांना मुख्य दोषी धरून त्याला ८ वर्षांची शिक्षा दिली. मृतांच्या कुटुंबीयांचा विचार करता ती मला फार सौम्य वाटते.