सड्यावरचे दगड हलवायच्या आधी पालींचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय. रत्नागिरी तालुक्यात आमचा थोडा सडा (उघडा कातळाचा माळ) आहे, बाबांना तिथे हापूसची कलमं लावायचीत. सोमवारी जेसीबी येतोय, खड्डे मारायचे आणि सुटे दगड उचलून त्यांचाच गडगा (दगडी कुंपण) घालायचा असं ठरलंय.

काल सकाळी काकांनी एक चपटा दगड उलटला तर खाली बोटभर पाल, तपकिरी अंग, पाठीवर पांढरट आडवे पट्टे, शेपटी जाडसर. घरातल्या पालीसारखी वर चढायला नाही बघत, जमिनीलगत सुळकन पळाली आणि शेजारच्या दगडाखाली गेली. जिथे बसलेली तिथे मातीत दोन पांढरी अंडी होती, हरभऱ्याएवढी. काका ओरडले "हात नको लावू रे, फुरशाच्या जातीतली ती, विषारी असते!" आता फुरसंही असल्याच दगडांखाली असतं त्यामुळे हात जपून घालायचा हे बरोबरच, पण पाल कुठलीच विषारी नसते हे काकांना अजून पटत नाहीये.

माझ्या मते ही पाल हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस (शास्त्रीय नाव) या जातीची. 1963 साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी तिचं वर्णन केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून. कोकणातल्या कातळावरच राहणारी आहे, दिवसा दगडाखाली आणि रात्री किडे खायला बाहेर. म्हणजे दगड हेच तिचं घर, आणि आम्ही नेमकं तेच उचलणार, कालपासून डोक्यातून जात नाहीये. तो दगड मी होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवला.

ज्यांनी सड्यावर काम केलंय त्यांनी प्लीज सांगा. बाबा उताराकडची एक पट्टी न हलवता सोडायला तयार आहेत, तर पट्टी सलग हवी की मधेमधे दगडांची बेटं ठेवली तरी चालेल? पाली उचलून तिकडे सोडल्या तर टिकतात का, आणि अंड्यांचं काय, ती हलवताना उलटीपालटी झाली तर आतलं पिल्लू मरतं ना? गडग्याच्या फटीत ही जात राहते का, की तिथे घरातल्याच पाली येतात? पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणालात तर बाबांशी तेही बोलतो, पण कारण नीट सांगा म्हणजे त्यांना सांगता येईल.

फोटो हलला आहे, पट्टे तेवढे दिसतात, संध्याकाळी टाकतो.