प्रतिसाद: आत घेतलेला ऑक्सिजन जातो कुठे?
‘श्वासातला ऑक्सिजन ग्लुकोजमधल्या कार्बनला चिकटतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो’ असं ज्या लेखावर हा प्रतिसाद आहे त्यात लिहिलंय. शाळेतलं समीकरण (ग्लुकोज + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + पाणी) बघून तसं वाटतं खरं, पण पेशीत तसं घडत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बनतो तो क्रेब्ज चक्रात (पेशीत अन्नाचे तुकडे टप्प्याटप्प्याने मोडणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीत) आणि त्याच्या जरा आधी. त्यातला ऑक्सिजन मुख्यतः अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. आपण नाकाने ओढलेल्या ऑक्सिजनची पाळी अगदी शेवटी येते. तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतलं ऊर्जा बनवणारं अंगक) आतल्या पटलावर इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकत येतात, शेवटी ऑक्सिजन ते उचलतो आणि त्याचं चक्क पाणी होतं! इलेक्ट्रॉनच्या या प्रवासात प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, तयार होतं.

सायनाइड नेमका हा शेवटचा टप्पा अडवतं. फुप्फुसं चालू, रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण पेशींना तो वापरताच येत नाही. त्यामुळे एरवी ऑक्सिजन कमी असल्याने गडद दिसणारं शिरांमधलं रक्तसुद्धा लालभडक दिसू शकतं.

‘खोल श्वास घ्या, ऊर्जा वाढते’ हेही मला पटत नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांमधलं हिमोग्लोबिन एरवीही ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. बसल्या बसल्या भराभर खोल श्वास घेतले तर उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गरगरायला लागतं.