आजीच्या गोधडीवर आजीचंच चित्र काढावं का?

धावदोरा
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण नीट लिहिते. आजीला जाऊन दोन वर्षं झाली. तिने स्वतःच्या जुनेरांची शिवलेली एक गोधडी माझ्याकडे आहे, वर हिरवं लुगडं, आतल्या थरांत काय काय आहे देव जाणे, आणि टाके इतके बारीक की बघतच राहावं. मी हौशी आहे, पोर्ट्रेट बऱ्यापैकी जमतं. तिचं चित्र कॅनव्हासवर तीनदा काढलं, चेहरा येतो पण आजी येत नाही. आता वाटतंय थेट गोधडीवरच काढावं. आई म्हणते नको, वाट लागेल. बायकांची अशी चित्रं, म्हणजे कॅनव्हास सोडून भलत्याच गोष्टींवर किंवा भलत्याच गोष्टी वापरून, आजच्या चित्रकारांनी केलीत का? आणि रंग टिकेल का?

घाटकोपरकर
केलीत की, आणि आपल्या मुंबईतच! अंजू डोडिया यांची कामं बघा, त्या कापडाने मढवलेल्या फुगीर गाद्यांवर चित्रं काढतात, बाई बहुतेक वेळा त्यांच्यासारखीच दिसणारी. २००७ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमध्ये त्यांच्या कामांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. गादी म्हटलं की झोप, आजारपण, बाळंतपण सगळंच आलं, ते कोऱ्या कॅनव्हासला कुठून येणार. अतुल डोडिया दुकानाच्या लोखंडी शटरवर रंगवतात. त्यांचं २००२ चं महालक्ष्मी आहे, बाहेर शटरवर कॅलेंडरातली असते तशी देवी, आणि शटर वर केलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. पाहिल्यावर मला काही सुचेना.
आणि हे काही नवीन नाही बरं का. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये आमच्या घाटकोपरलाच सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना लोक जरतार, टिकल्या, रेशमी कापड लावून सजवायचे, देवीला अक्षरशः लुगडं नेसवायचे. कुणाच्या पणजीच्या देवघरात असेल अजून.

रंगपेटी
वरच्या जर-टिकल्यांवरून मिकलीन थॉमस आठवली. अमेरिकेतली कृष्णवर्णीय चित्रकार, जन्म १९७१. लाकडी पॅनलवर ॲक्रिलिक, इनॅमल आणि हजारो चमकते खडे, आपल्याकडे ड्रेसवर लावतात तसलेच. २०१० मध्ये तिने एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या १८६३ च्या गाजलेल्या सहलीच्या चित्राची (त्यात कपड्यांतल्या पुरुषांशेजारी एक नग्न बाई बसलीय) बैठक घेऊन तीन कृष्णवर्णीय बायका बसवल्या, तिघी कपड्यांत आहेत आणि सरळ आपल्या डोळ्यांत बघतात. सुमारे १० फूट बाय २४ फूट! स्वतःच्या आईलाही तिने पुन्हा पुन्हा रंगवलंय. मला त्यातलं हे आवडतं की खडे शोभेला म्हणून चिकटवलेले वाटत नाहीत, नटूनथटून बसलेल्या बाईचा रुबाब त्यातूनच येतो. तुमच्या आजीचा रुबाब कशात होता ते आधी आठवा, मग ठरवा.

मांजरपाट
टिकण्याचं बोलतो. कच्च्या कापडावर ऑइल कलर अजिबात नको, जवसाच्या तेलाने सुती धागा हळूहळू कडक होऊन तुटायला लागतो, म्हणून तर कॅनव्हासला आधी सरस किंवा जेसोचा (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचा) थर देतात. ॲक्रिलिक लवचिक असतं, ते चालेल, पण सुकलं की धुऊन निघत नाही, चूक झाली तर झाली. जुनेर आधीच विरलेलं असतं, त्यामुळे फ्रेमवर ताणू नका आणि गोंदाने तर मुळीच चिकटवू नका, मागे नवा मांजरपाट हाताने टाचून घ्या. टांगायचं तर वरच्या कडेला नेफा शिवा आणि त्यातून दांडी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. थेट ऊन टाळा.

वाकळ
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका ताई. आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात आणि माझ्या मते तुमच्या आजीचं चित्र तिने स्वतःच काढून ठेवलंय, त्यावर रंग फासून टाके का बुजवायचे? जोहान्सबर्गच्या बिली झांगेवाचं काम बघा, मलावीत जन्मलेली आहे. ती रेशमाचे तुकडे कापून हाताने शिवते, रंगाचा ब्रश नाहीच, आणि त्यातून घरातली बाई उभी करते, मुलाबरोबर, अंथरुणात, स्वयंपाकघरात. कडा वेड्यावाकड्या, कुठे कोपराच नाही, ते ती मुद्दाम तसंच ठेवते. तुम्हीही चेहरा सुईदोऱ्याने करून बघा, नाहीतर वेगळं कापड घ्या.

धावदोरा
सगळ्यांचे खूप आभार. वाकळताई, राग कसला, मी दोन दिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होते. काल आईला घेऊन गोधडीजवळ बसले, एका कडेची शिवण उसवली होती तिथून तिने आत बघितलं आणि म्हणाली, हिरव्याखाली जांभळं आहे, ते आजीने माझ्या बारशाला नेसलं होतं. मला हे माहीतच नव्हतं. आता गोधडीला रंग लावणार नाही. ट्रंकेत आजीचं एक विटकं लुगडं आहे, ते मांजरपाटावर टाचून त्यावर ॲक्रिलिकने चेहरा आणि हात, आणि पदराचा काठ तसाच मोकळा सोडणार. आई म्हणाली कपाळावरचं गोंदण मी शिवते. रविवारी आधी फाटक्या तुकड्यावर करून बघतो दोघी, फोटो टाकते.