कुंडीतला शंकासूर थंडीत जगेल का?

न्यू जर्सीत कुंडीत शंकासूर लावलाय. उन्हाळाभर लाल-पिवळ्या तुऱ्यांनी लगडला होता. थंडीत गॅरेजमध्ये घेतला, तर पानं गळून नुसत्या काटेरी काड्या उरल्यात. गेला का हो? फार जीव लावलाय त्याला.

— नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. पाणी अगदी बेताचं, ओल राहिली की मुळं कुजतात.

— वसंतात निम्म्यावर छाटा, न घाबरता! फुलं नव्या फुटीवरच येतात. रात्रीचं तापमान १० अंश सेल्सियसच्या वर गेलं की कुंडी बाहेर, भर उन्हात. युरिया नको, नुसता पाला माजतो.

— शेंगा धरल्या असतील तर बी ठेवा. कवच टणक असतं; सँडपेपरने जरा घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, मग पेरा.