स्वस्त गेमिंग मॉनिटर घेताना २४० हर्ट्झचा आग्रह कितपत योग्य?

धागाकर्ता
कमी खर्चात स्पर्धात्मक गेमिंगसाठी मॉनिटर घेणारे बहुतेक जण खोक्यावरचा हर्ट्झचा आकडा (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो) आधी पाहतात आणि बाकीचे सगळे नंतर. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. २४० हर्ट्झचा सुमार व्हीए पॅनेल आणि १४४ किंवा १८० हर्ट्झचा चांगला आयपीएस पॅनेल (व्हीए आणि आयपीएस हे पडद्याचे प्रकार) एकाच किमतीत मिळत असतील, तर 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक'सारखे नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याने दुसराच घ्यावा.

साधे गणित पाहा. ६० हर्ट्झला पडद्यावरचे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२ मिलिसेकंदांनी. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्या उडीत जेमतेम पावणेतीन. शिवाय हे पावणेतीन मिलिसेकंद पदरात पडायचे, तर पिक्सेलचा रंगही तेवढ्या वेळात बदलायला हवा. स्वस्त व्हीए पॅनेलला काळ्यावरून गडद करड्यावर यायला कित्येकदा वीस मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. माझ्या आधीच्या मॉनिटरवर अंधाऱ्या बोळात झटकन वळले, की भिंतीची कड ओल्या बोटाने शाई फासावी तशी पसरत असे आणि त्या डागात उभा असलेला प्रतिस्पर्धी मला मारून मोकळा झालेला असे.

प्रतिसाद १
आपले गणित बरोबर आहे, पण अर्धेच आहे. पुढची फ्रेम, म्हणजे पुढचे चित्र, येईपर्यंत पडदा आधीची फ्रेम तशीच धरून ठेवतो, आपली नजर मात्र हलत्या वस्तूमागे सरकत राहते, आणि पिक्सेल कितीही चपळ असले तरी त्यातून पुसटपणा येतोच. एखादी आकृती सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकत असेल, तर ६० हर्ट्झला ती सुमारे १६ पिक्सेल फासली जाते, १४४ ला साडेसहा-सात आणि २४० ला फक्त चार. हा फरक मिलिसेकंदांच्या वजाबाकीत दिसत नाही, नेम धरताना दिसतो.

दुसरे असे, की सर्वांत वाईट व्हीए आणि चांगला आयपीएस यांची कुस्ती लावली, तर निकाल आधीच ठरलेला असतो. २४० हर्ट्झच्या टीएन या तिसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा आपण उल्लेखही केला नाही. त्याचे रंग फिके असतात आणि खालून पाहिले तर चित्र काळवंडते, हे खरेच. पण खेळणारा पडद्यासमोर सरळ बसतो आणि त्याला सूर्यास्त पाहायचा नसतो.

प्रतिसाद २
दोघांनाही एक प्रश्न. संगणक सेकंदाला २४० फ्रेम देतो का? सरावाच्या मोकळ्या मैदानात आकडा २३० दिसतो, आणि पाच-सहा जण एकाच जागी भिडले, धूर सोडला गेला, की तोच ११० वर येतो. अशा वेळी अनेकदा ग्राफिक्स कार्ड नव्हे, तर प्रोसेसर कमी पडत असतो. ज्या क्षणासाठी पैसे मोजले, नेमक्या त्याच क्षणी मॉनिटर रिकामा बसतो. म्हणून आधी भर लढाईत सर्वांत कमी किती फ्रेम मिळतात ते मोजावे, आणि अडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमच्या वेगाशी जुळवणारी सोय) असलेलाच मॉनिटर घ्यावा, म्हणजे फ्रेम घसरल्या तरी चित्र फाटत नाही.

जाता जाता स्वतःची फजितीही सांगतो. मी १४४ हर्ट्झचा मॉनिटर तब्बल तीन महिने ६० वर चालवला, कारण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा स्वतः बदलावा लागेल हे माझ्या गावीही नव्हते. त्या तीन महिन्यांत 'फरक लगेच जाणवतो' असे मित्रांना मीच सांगत होतो! केबलचेही तसेच. एचडीएमआय १.४ चे पोर्ट १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल) ला १२० हर्ट्झच्या पुढे सहसा जात नाही, त्यामुळे डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच वापरावे.

धागाकर्ता
टीएनचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून राहूनच गेला होता. मात्र खोक्यावरच्या 'एक मिलिसेकंद' प्रतिसादवेळेच्या (पिक्सेलचा रंग बदलायला लागणाऱ्या वेळेच्या) दाव्यावर विसंबून टीएन काय किंवा आयपीएस काय, काहीच घेऊ नये. तो आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून मिळवलेला असतो, आणि त्या पायरीवर हलत्या आकृतीमागे उजळ कडा उमटते, जी मूळ पुसटपणापेक्षा जास्त टोचते. त्या आकड्यापुढे 'एमपीआरटी' (हलत्या चित्राच्या पुसटपणाचे माप) लिहिले असेल, तर तो पिक्सेलचा वेगच नव्हे. तिथे मागचा दिवा भरभर उघडझाप करून पुसटपणा लपवलेला असतो. त्यात उजेड कमी होतो, आणि बऱ्याच मॉनिटरांवर अडॅप्टिव्ह सिंकही त्याच वेळी चालत नाही.

प्रतिसाद ३
हर्ट्झच्या या भांडणात आकार मागे पडला. २७ इंचांवर १०८०पी घेतले, तर इंचाला सुमारे ८२ पिक्सेल पडतात आणि अक्षरे खरखरीत दिसतात, २४ इंचांवर तेच ९२ होतात. माझा कौल मात्र २७ इंची १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) ला आहे. ज्याला एकच मॉनिटर परवडतो, तो त्यावर रोज दोन तास खेळतो आणि सहा तास वाचतो-लिहितो.

प्रतिसाद १
वाचनासाठी मान्य, स्पर्धेसाठी नाही. १४४०पी म्हणजे २०.७ लाखांऐवजी ३६.९ लाख पिक्सेल. स्वस्त मॉनिटर घेणाऱ्याचे कार्डही स्वस्तच असणार, मग हा बोजा कोणी उचलायचा? प्रोसेसरबद्दल प्रतिसाद २ मध्ये म्हटले आहे ते मला पटले. तरीही मी २४ इंची २४० हर्ट्झवरच ठाम आहे, कारण संगणकाचे भाग एकेक करून बदलता येतात, मॉनिटर मात्र आहे तसाच पाच-सहा वर्षे समोर राहतो.

धागाकर्ता
पाच-सहा वर्षे समोर राहणार, म्हणूनच मी आधी पॅनेल पाहतो. व्हीए घेण्याचा मोह झालाच, तर पूर्ण रक्कम देण्यापूर्वी पडद्यावर गडद करडी पार्श्वभूमी लावून काळ्या अक्षरांचा मजकूर वेगाने वरखाली सरकवून पाहावा. अक्षरांना शेपूट फुटले, तर तो मॉनिटर तिथेच ठेवावा.