नोटिफिकेशनच्या ढिगाऱ्यात बाबांचा मेसेज हरवला, तुम्ही हे कसं सांभाळता?

रातराणी:
परवापासून हे डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ अचानक बदलली, त्यांनी ९:४० ला मला मेसेज टाकला, "आज ११ ला बोलावलंय, येशील का". मी तो पाहिला सव्वादोनला. तोवर ते एकटे जाऊन एकटे परत आले होते, डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले, उन्हात धड डोळे उघडवत नाहीत, आणि वर मलाच म्हणाले, अगं तू कामात असशील.
मी कामात होते पण फोन शेजारीच होता हो! नंतर यादी वर सरकवून बघितली, तर बाबांच्या मेसेजच्या वर काय काय होतं: बातम्यांच्या अ‍ॅपचं तीनदा ब्रेकिंग आणि तिन्ही वेळा तीच बातमी, एक लोनची ऑफर, कार्टमधली वस्तू तुमची वाट बघतेय, घरच्या ग्रुपवर ६३ मेसेज. सगळ्यांना एकच टिंग. सकाळपासून ती टिंग इतक्यांदा वाजली होती की ऐकूच येईनाशी झाली.
डू नॉट डिस्टर्ब लावून बघितलं तर ऑफिसचा कॉल चुकला, अ‍ॅप्स काढून टाकावीत तर अर्धी कामं अडतात. प्लीज डिजिटल डिटॉक्स सांगू नका, माझी नोकरीच फोनवर आहे. महत्त्वाचं तेवढंच वाजावं यासाठी तुम्ही नक्की काय करता?

सुईदोरा:
वाचून वाईट वाटलं. मी केलं ते सांगते. अँड्रॉइडमध्ये आठव्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ पासून, एकाच अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार बंद करता येतात. नको ते नोटिफिकेशन आलं की त्यावरच बोट दाबून धरायचं आणि तेवढा प्रकार बंद करायचा, म्हणजे ऑफर गेल्या आणि व्यवहाराचे मेसेज राहिले (अर्थात अ‍ॅपवाल्यांनी ते प्रकार नीट वेगळे ठेवले असतील तर). २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवीन अ‍ॅपला आधी परवानगी मागावी लागते, पण फोन आधीचाच असेल आणि नुसता अपडेट झाला असेल तर जुन्या अ‍ॅप्सना ती बहुतेक आपोआप मिळून गेलेली असते, ती एकदा बसून बघा.
आणि डू नॉट डिस्टर्ब सोडू नका. त्यात ठरावीक माणसांना सूट देता येते, शिवाय एकाच माणसाने पुन्हा फोन केला तर तो कॉल वाजू देण्याची सोय असते, अँड्रॉइडवर १५ मिनिटांच्या आत दुसरा कॉल आला तर आणि आयफोनवर ३ मिनिटांच्या आत. आमच्या घरी सगळ्यांना हे पाठ आहे, काही अडलं की लागोपाठ दोनदा फोन करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांसाठी वेगळी ट्यून लावा आणि ग्रुप कायमचा म्यूट करा, २०२० पासून तशी सोय आहे, कुणाला कळतही नाही.

कुंपणापलीकडे:
सुईदोरा म्हणतायत ते सगळं बरोबर आहे पण मला याचाच राग येतो, की हे सगळं आपण का करत बसायचं? चाळीस अ‍ॅप्सच्या सेटिंगमध्ये शिरून एकेक बटण शोधायचं, आणि बटण पण असं लपवलेलं की माणूस कंटाळून सोडून देईल. खाली सरकवत राहा, यादी संपतच नाही, ही कल्पना २००६ मध्ये काढणाऱ्या अझा रास्किननी स्वतः नंतर जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवलाय. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन तर १९७१ मध्येच सांगून गेले की माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, आणि तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता.
बातम्यांचं तर विचारूच नका, एकच गोष्ट टीव्हीवर, अ‍ॅपवर, मग ग्रुपवर फॉरवर्ड होऊन, मग त्यावर कोण काय बोललं त्याची बातमी. दिवसभर ऐकून रात्री विचारलं की आज काय झालं तर धड सांगता येत नाही. मी बातम्यांची सगळी नोटिफिकेशन्स बंद केली, संध्याकाळी एकदाच वाचतो, गेल्या आठ महिन्यांत माझं काहीही अडलेलं नाही. ताई, तुमची चूक नाहीये यात, उगाच मनाला लावून घेऊ नका.

ग्रीष्म:
एक विचारू का, बाबांनी फोन का नाही केला? माझी आईही असंच करते, कामात असशील म्हणून मेसेज टाकते आणि वाट बघत बसते. तिला बसवून सांगावं लागलं की तुझ्या फोनने माझं काम मोडत नाही. ट्यून वगैरे लावाच, पण हे आधी बोला त्यांच्याशी.

रातराणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दीड तास बसले, ४१ अ‍ॅप्स निघाली, त्यातल्या फक्त ६ ना वाजायची परवानगी ठेवली. एका खरेदीच्या अ‍ॅपने ऑफर आणि ऑर्डरची माहिती एकाच प्रकारात कोंबलीये, त्यामुळे एक बंद केलं की दुसरंही जातं, ते शेवटी पूर्णच बंद केलं, ऑर्डर कुठवर आली ते मी उघडून बघेन.
ग्रीष्म, तुमचं वाचून बाबांशी बोलले. आधी म्हणाले तुला उगाच त्रास कशाला, मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले त्या दिवशी रस्ता ओलांडताना जरा भीती वाटली होती. हे मला आत्ता कळतंय. त्यांच्यासाठी वेगळी ट्यून लावलीये, काल दिवसभरात तीनदा शेजारच्या खोलीतून मेसेज टाकून विचारत होते, वाजलं का गं?